नव्यानेच मालिकेच्या नादी लागला असाल तर

मालिका बघायला लागल्यापासून घरचे "वेड लागलंय का?" म्हणतात, असं तुम्ही पत्रात लिहिलंत. लागू द्या की! फक्त सुरुवातीला थोडं सांभाळा.

सगळ्यात आधी झोप. प्रत्येक भाग ऐन पेचात संपवलेला असतो आणि पुढचा आपोआप सुरू होतो, म्हणून "अजून एकच" करता करता उजाडतं. सेटिंगमध्ये जाऊन ते आपोआप सुरू होणं बंद करा. आणि थांबायचं तर भागाच्या मध्यावर थांबा, शेवटावर नाही. एखादा प्रसंग निवळला की टीव्ही बंद करणं बरंच सोपं जातं.

दुसरं, पात्र वेगळं आणि नट वेगळा. रोज दिसणारा चेहरा घरचाच वाटायला लागतो. या एकतर्फी जवळिकीबद्दल हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलंय. तरी खलनायिका रंगवणाऱ्या बाईंना शिव्या घालणारे नवखे काही कमी होत नाहीत. तेवढं टाळा.

मालिकेत कोणाची जोडी जमावी यावरून इतर चाहत्यांशी हुज्जत घालू नका. वेळ जातो, बाकी काही नाही.

आणि हो, या वेडातून चांगलंही घडतं. 'स्टार ट्रेक' या अंतराळयानावरच्या अमेरिकी मालिकेतली उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी पाहून मे जेमिसन या कृष्णवर्णीय अमेरिकी मुलीला बळ मिळालं आणि १९९२ मध्ये ती खरोखर अंतराळात गेली.

मालिकेच्या वस्तूंचा संग्रह, चाहत्यांची संमेलनं, त्यांनी लिहिलेल्या कथा हे सगळं नंतर. आधी सोबत बघणारं एक माणूस गाठा, आणि त्याला सोडून पुढचे भाग चोरून बघू नका!