बॉयलर कोंबडी नको, पण मांसाहारही सोडायचा नाही. रोजच्या घरात हे कसं जमवता?

मला सात वर्षं झाली. चुलतभावाच्या शेडवर एक दिवस काढला आणि परत आल्यावर बॉयलर बंद केली. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीज आणि राबणं शेतकऱ्याचं. एक दिवसाचं पिल्लू साधारण ४० दिवसांत दोन किलोचं होतं. मी गेले तेव्हा तयार कोंबड्यांचा लॉट उचलायला आला होता. भुश्यावर एक कोंबडी छाती टेकून बसली होती, तिथली पिसं झडून कातडी लाल झालेली. खाद्याचं भांडं हातभर अंतरावर. ती उठायची, दोन पावलं टाकायची, पुन्हा बसायची. अंग वाढलं होतं, पायांना ते पेलत नव्हतं. भावाला मी दोष देत नाही, त्याच्या डोक्यावर शेडचं कर्ज आहे.

घरात जमवणं सोपं आहे. महिन्यातून दोनदा मटण, कारण शेळ्या-मेंढ्या आपल्याकडे अजून बहुतेक चरूनच वाढतात. कोंबडी मावशीच्या गावाहून कोणी येणार असेल तेव्हाच. ती पाच-सहा महिन्यांत जेमतेम सव्वा किलोची होते, म्हणून वारंवार मिळत नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. शहरातल्या ‘गावरान’ पाटीवर विसंबू नका. तिथे बरेचदा वनराजा, गिरिराजासारख्या कोंबड्यांच्या संकरित जाती असतात. जात वाईट नाही, पण कोंबडी मोकळी फिरली की शेडमध्ये वाढली हे पाटी सांगत नाही. सरळ विचारा, ‘कुणाच्या दारातली?’

अंड्यांनी मला जास्त छळलं. दुकानातलं अंडं बहुतेक पिंजऱ्यातलं, जिथे एका कोंबडीला वहीच्या पानाएवढी जागा मिळते. तपकिरी अंड्यावर भुलू नका, कवचाचा रंग जातीवर असतो. अंड्यांसाठीच्या कोंबड्यांची पिल्लं जिथे उबवतात त्या हॅचरीत नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारतात, हे कळल्यावर मी केकही कमी केला. परसातली कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते, त्यामुळे आमच्याकडे आमलेट फक्त रविवारी.

खरी कसोटी पाहुणचाराची. पहिल्या आखाडात मी सासरी ताटावर बसून नको म्हटलं आणि सासूबाईंचं तोंड उतरलं. ती माझी चूक होती. आता दोन दिवस आधी फोन करते, ‘आई, माझ्यासाठी सुकटीची चटणी करा.’ त्या आवडीने करतात. हॉटेलात विचारूनही काही कळत नाही, म्हणून तिथे मी शाकाहारीच मागवते.