ज्युनिअर इयरमधली लेक कॉलेजचा विषय काढला की उठून का जाते

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांतून दर हिवाळ्यात मला हेच ऐकायला येतं, ज्युनिअर इयर, म्हणजे अकरावी, अर्धं संपलं तरी मूल कॉलेजबद्दल एक शब्द बोलत नाही, विचारलं की खोलीत जाऊन दार लावतं. कोणी म्हणतं आळस आहे, कोणी फोनला दोष देतं. इतक्या घरांशी बोलून माझं मत मात्र पक्कं झालंय की सोळा-सतरा वर्षांचं मूल असं गप्प होतं तेव्हा बहुतेक वेळा ते घरातल्या कोणाची तरी काळजी गुपचूप उचलून बसलेलं असतं. त्यामुळे मी फक्त मुलाशी बोलून कधीच थांबत नाही, सगळं घर समोर बसवते.

एक केस सांगते, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात. मुक्ता म्हणू तिला. अकरावीत, मार्क उत्तम. पहिल्याच भेटीत बाबांनी लॅपटॉप उघडला, एक्सेलमध्ये बावीस कॉलेजं, डेडलाइन, एसएटी या प्रवेशपरीक्षेचे स्कोअर, शेवटच्या कॉलममध्ये वर्षाचा खर्च आणि तो लाल रंगात.

"ताई, सगळं आयतं करून दिलंय. सरावाची पीएसएटी ऑक्टोबरमध्ये झाली, मार्चमध्ये एसएटी आहे आणि हिने ही फाइल उघडूनही बघितली नाहीये. हिला काही पडलेलीच नाही."

मुक्ता हूडीची दोरी बोटाला गुंडाळत बसली होती. आई म्हणाली, "रोज जेवताना विषय निघतो आणि रोज रडारड होते."

मी पहिलं काम दिलं ते आईबाबांना. कॉलेजचा विषय फक्त रविवारी सकाळी, अर्धा तास, बाकीचे दिवस पूर्ण बंद. बाबांना हे जड गेलं. त्यांच्या डोक्यात त्यांची स्वतःची बारावी होती, एक परीक्षा, एक मेरिट लिस्ट आणि दोन मार्कांनी हुकलेलं कॉलेज. इथे नववीपासूनचे ग्रेड, घेतलेले विषय, निबंध, शिक्षकांची पत्रं असं सगळं बघतात, मार्चच्या एका शनिवारवर काही अडत नाही, एसएटी ऑगस्टमध्ये परत देता येते, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर प्रवेशासाठी स्कोअर बघतच नाही. हो, एमआयटीने 2022 मध्ये आणि हार्वर्ड, डार्टमथने 2024 मध्ये टेस्ट परत सक्तीची केली, तेव्हा प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा तपासायला हवा. हे ऐकल्यावर बाबा जरा सैलावले.

नंतर मुक्ताशी एकटीशी बोलले.

"बाबा म्हणतात तू फाइल उघडलीच नाहीस."

"उघडली होती. एकदा."

"मग?"

"लास्ट कॉलम बघितला."

मी काही बोलले नाही. अशा वेळी न बोलता थांबणं मला इतक्या वर्षांत चांगलं जमायला लागलंय, आणि बहुतेक वेळा खरं ते त्यानंतरच बाहेर येतं.

"बाबांच्या टीममधले दोघं लेऑफ झाले. रात्री ते आईला मॉर्गेजचं सांगत होते, मी ऐकलं. मी एनवाययूसारखं महागडं कॉलेज म्हटलं ना, तर ते हो म्हणतील. आणि मग घर विकतील."

मुलांना आईबाबांच्या नकाराची भीती वाटते असं आपण धरून चालतो. या मुलीला होकाराची भीती वाटत होती! ती आळशी नव्हती, बेफिकीर तर अजिबात नव्हती, ती काहीही न मागून घर वाचवत होती.

पुढच्या भेटीत तिने हे स्वतः आईबाबांना सांगितलं. बाबा लगेच म्हणाले, "वेडी आहेस का, तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू."

मी त्यांना तिथेच थांबवलं. हे वाक्य आपण प्रेमानेच म्हणतो, पण मूल बोलायला लागलेलं असतं ते याच वाक्याने परत गप्प होतं. म्हटलं, "आकडा सांगा तिला. कर्ज न काढता वर्षाला किती देऊ शकता?" नवराबायको एकमेकांकडे बघत राहिले, कारण हा आकडा त्या दोघांनीही आपसात कधी ठरवलेला नव्हता. बाबांनी कागदावर लिहिला, आईने खोडून कमी केला, परत लिहिला आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"एवढे आहेत? आणि घर?"

"घर राहतंय गं."

तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि यादी शेवटच्या कॉलमप्रमाणे लावली. बावीसमधली नऊ तिनेच उडवली, दोन नवीन घातली.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी आधी आकड्याचं बोलायला लावते, यादी नंतर. काही खाजगी कॉलेजांचा वर्षाचा खर्च आता 90 हजार डॉलरच्या वर गेलाय आणि आपल्याच राज्यातल्या रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठात तो निम्म्याहून कमी पडतो, पण छापील भाव सगळ्यांना लागू होत नाही, कॉलेजच्या वेबसाइटवर आपल्याला प्रत्यक्ष किती पडेल याचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो मुलाला शेजारी बसवून भरा. फाफ्सामध्ये, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात, उत्पन्न धरतात ते दोन वर्षं मागचं, म्हणजे ज्युनिअर इयरच्या डिसेंबरमध्ये संपणारं टॅक्स वर्ष, त्यामुळे हा विषय सिनिअर इयरवर ढकलून उपयोग नाही. आणि मूल एच-फोरवर, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर, असेल तर फेडरल मदत मिळत नाही, हे त्याला बाहेरून कळण्याआधी घरात कळू दे.

बाकीचं वेळेत बसतं. कॉमन अ‍ॅप म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच अर्ज, तो 1 ऑगस्टला उघडतो, त्यातला 650 शब्दांपर्यंतचा निबंध उन्हाळ्यात होतो, अर्ली डिसिजनची तारीख बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबर असते आणि तो अर्ज बांधून घेणारा असतो, प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, म्हणजे पैशाचं बोलणं झालेलं नसेल तर तिकडे जाऊच नका. वसंतात मात्र एक काम चुकवू नका, शिफारसपत्रासाठी ज्युनिअर इयरच्या दोन शिक्षकांना मेमधल्या एपी, म्हणजे शाळेत शिकवलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षांच्या गर्दीआधी विचारायचं, आणि ते मुलाने स्वतः, वर्गात जाऊन विचारायचं, आईने ईमेल करायचा नाही.