उबुंटूवर कॉलेजचं एज्युरोम (अनेक संस्थांत एकाच लॉगिनवर चालणारं) वायफाय जोडलं जात नाही, पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारतं. काय करावं?

बहुतेक वेळा पासवर्ड बरोबरच असतो, गडबड वरच्या रकान्यांत असते. सिक्युरिटीमध्ये 'डब्ल्यूपीए-२ एंटरप्राइझ' निवडा. मग ऑथेंटिकेशन 'पीईएपी' आणि इनर ऑथेंटिकेशन 'एमएसचॅप व्ही-२'. बऱ्याच संस्थांत हेच चालतं. युजरनेम मात्र पूर्ण द्या, म्हणजे @ आणि त्यापुढचं संस्थेचं डोमेनसुद्धा. नुसता रोल नंबर टाकला तर दुसऱ्या कॅम्पसवर तुमची विनंती कोणत्या संस्थेकडे पाठवायची हेच तिथल्या सर्व्हरला कळत नाही.

'सीए सर्टिफिकेटची गरज नाही' या चौकटीवर टिक करून मोकळं व्हा, असा सल्ला हॉस्टेलमध्ये हमखास मिळतो. तो ऐकू नका. समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे या सर्टिफिकेटवरून तपासलं जातं. ते नसलं आणि त्याच नावाचं खोटं वायफाय कुणी लावलं तर लॅपटॉप निमूटपणे त्याला जोडला जाईल आणि तुमचा पासवर्ड फोडण्यापुरता ऐवज त्याच्या हाती लागेल. एज्युरोमच्या कॅट या साइटवर तुमची संस्था असेल तर तिथून लिनक्ससाठीची (उबुंटू हे लिनक्सच) पायथन स्क्रिप्ट उतरवा. ती चालवली की सर्टिफिकेटसकट सगळं आपोआप भरलं जातं.

एवढं करूनही उबुंटू २२.०४ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर अडलं, तर संस्थेचा सर्व्हर जुन्या टीएलएसवर (जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीवर) असू शकतो. उबुंटूत ही सुरक्षा सांभाळणारं नवं ओपनएसएसएल ते नाकारतं. अशा वेळी संगणक केंद्रालाच गाठा.