कडक शिस्तीत मूल सुधारते की लपवायला शिकते?

कडक शिस्तीत वाढलेल्या आणि मोकळीक देऊन वाढवलेल्या मुलांच्या वागण्यात नेमका काय फरक पडतो, आणि तुमच्या सहा वर्षांच्या हट्टी मुलाला यांपैकी कोणत्या पद्धतीने वाढवावे, असे तुम्ही विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिता, "आमच्या मुलाला फक्त त्याच्या वडिलांचा धाक आहे, म्हणून निदान तो ऐकतो तरी." मी हे उत्तर मुख्यतः त्या एका वाक्यासाठी लिहीत आहे, कारण माझा थोरला भाऊ हेच वाक्य मला वर्षानुवर्षे ऐकवत आला आहे आणि ते मला कधीही पटलेले नाही.

धाकामुळे मूल ऐकते हे खरे आहे, पण ज्याचा धाक आहे तो माणूस समोर असेपर्यंतच. त्याची पाठ वळल्यावर मूल काय करते, कशाने घाबरलेले असते, कुठे अडलेले असते, याचा पत्ता घरात कोणालाच लागत नाही. खरे नुकसान तिथे होते.

माझा भाचा तेव्हा सातवीत होता. दादाच्या घरात वस्तू हरवणे, वस्तू मोडणे आणि परीक्षेत गुण कमी पडणे या तिन्ही गोष्टींना एकच उत्तर असे. आधी आवाज चढायचा, मग हात उठायचा, आणि कारण विचारले गेलेच तर ते सर्वांत शेवटी. सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला गेले असताना भाचा माझ्या शेजारी जेवायला बसला होता. त्याच्या दोन्ही कानशिलांवर मला लालसर वळ दिसले. चष्म्याच्या काड्या कानांमागे पोहोचतच नव्हत्या. त्या अलीकडेच संपून कातडीत रुतत होत्या. जेवण झाल्यावर मी सहज चष्मा हातात मागितला, तेव्हा त्याने आधी दाराकडे पाहून वडील कुठे आहेत याचा अंदाज घेतला आणि मगच तो काढून दिला. तो बऱ्याच आधीचा, जुन्या नंबरचा चष्मा होता. नवा चष्मा खेळताना फुटला होता आणि त्याचे तुकडे त्याने रुमालात गुंडाळून दप्तराच्या तळाशी ठेवले होते. दोन्ही चष्म्यांच्या फ्रेम काळ्याच असल्यामुळे घरात कोणाच्याही लक्षात आले नव्हते. फळ्यावरचे नीट दिसत नसल्यामुळे तो शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घेत होता, घाईत गणिताचे आकडे चुकीचे उतरत होते, चाचणीतले गुण घसरले होते, आणि घसरलेल्या गुणांसाठी त्याने मारही खाल्ला होता. मार खाताना त्याने कारण सांगितले नाही. सांगितले असते तर चष्म्यासाठी पुन्हा मार बसला असता, असा त्याचा हिशेब होता, आणि त्या घराची रीत पाहता तो अगदी बरोबर होता.

हे सारे कळल्यावर दादाचे पहिले वाक्य होते, "म्हणजे इतके दिवस हा आम्हाला फसवत होता." मुलाला इतके दिवस दिसत नव्हते, हे त्याच्या मनात दुसऱ्या क्रमांकावर आले. धाक कमी पडला म्हणून मुलगा खोटे वागला, असे त्याचे म्हणणे होते आणि आजही आहे. मला ते साफ चुकीचे वाटते. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांमधील तीन-चार वर्षांच्या मुलांची तुलना केली होती. एका शाळेत चुकीला कडक शारीरिक शिक्षा होत असे, दुसरीत नव्हती. मागे ठेवलेले खेळणे वळून पाहायचे नाही, असे सांगितल्यावरही दोन्ही शाळांतील बहुतेक मुलांनी ते पाहिलेच. शिक्षेच्या शाळेतील मुले मात्र त्याबद्दल खोटे बोलण्यात कितीतरी पुढे होती, आणि पुढच्या प्रश्नांना सामोरे जाताना ते खोटे निभावून नेण्यातही अधिक तरबेज होती. मारामुळे त्यांचा मोह आवरला नव्हता.

तुम्ही विचारलेल्या पालकत्वाच्या पद्धतींचे वर्गीकरण डायना बॉमरिंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ महिलेने १९६०च्या दशकात केले. हुकूम सोडणारे पालक, ठाम पण मायेने आणि कारणे देऊन वागवणारे पालक, आणि सगळे चालवून घेणारे पालक, असे तीन प्रकार तिने सांगितले. पुढे १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी मुलाकडून असलेल्या अपेक्षा आणि मुलाच्या गरजांना मिळणारा प्रतिसाद, अशा दोन मोजपट्ट्या लावल्या आणि दोन्हींत कमी पडणाऱ्या बेफिकीर पालकांचा चौथा प्रकार पुढे आला. दुसऱ्या प्रकारच्या घरांतील मुले सर्वसाधारणपणे अधिक आत्मविश्वासाने वागणारी, स्वतःला आवरू शकणारी आणि अभ्यासात बरी असल्याचे पुष्कळ अभ्यासांत आढळले आहे. सैल सोडलेल्या मुलांना नकार पचवणे जड जाते, आणि चौथ्या प्रकारातील मुलांची अवस्था सर्वांत वाईट असते. तुमच्या वाक्यावरून तुमच्या घरात पहिला आणि तिसरा प्रकार एकत्र नांदत आहेत असे दिसते, म्हणून या चौकटीचा विस्तार मी इथे करत नाही.

दादाचा खरा युक्तिवाद वेगळाच आहे, आणि तुमचे पतीही बहुधा तोच करत असतील. "आपण दोघे बाबांच्या धाकातच वाढलो, आपले काय वाईट झाले?" आमचे वडील कडक होते, त्यांनी आम्हाला मारलेही आहे. पण तेच वडील रोज रात्री आमच्या वह्या घेऊन बसत, एखादी गोष्ट का करायची नाही हे समजावून सांगत, आणि आम्ही उलट प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर देत. दादाने त्यातला मार तेवढा उचलला आणि रोजची बैठक सोडून दिली. आम्ही जे काही घडलो त्याचे श्रेय त्याने चुकीच्या गोष्टीला दिले आहे, असे मी त्याला अनेकदा सांगितले आहे. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये १,६०,००० हून अधिक मुलांवरील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा चापट मारण्याचा संबंध अधिक आक्रमकपणा, अधिक मानसिक त्रास आणि पालकांशी बिघडलेले नाते यांच्याशी दिसला. मार खाऊन चांगली निघालेली मुले असतात; ती मारामुळे चांगली निघाली, हे त्यातून सिद्ध होत नाही.

मुलांवर बारीक लक्ष ठेवले की सगळे कळते, हाही दादाचा ठाम समज आहे. हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी २००० साली स्वीडनमधील चौदा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासातून दाखवले, की पालकांना मुलांबद्दल जे ठाऊक असते ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे. चौकशा आणि पाळत यांचा वाटा त्यापुढे थोडा होता. दप्तर रोज तपासता येईल, पण रुमालात काय आहे ते मुलाने सांगावे असे वाटत असेल, तर सांगितल्यावर काय होते हे त्याने आधी अनुभवलेले असले पाहिजे.

इथे दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. यांतील बहुतेक अभ्यास परस्परसंबंध दाखवतात, निर्विवाद कारण नव्हे; तापट मूल पालकांनाही अधिक कडक बनवते आणि प्रभाव दोन्ही बाजूंनी वाहतो. शिवाय मुले स्वभाव घेऊनच जन्माला येतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षे मुलांचा पाठपुरावा करून हे मांडले आणि मुलाचा स्वभाव व पालकांची पद्धत यांचा मेळ बसणे महत्त्वाचे मानले. तुमचा मुलगा हट्टी आहे तो केवळ तुमच्या वागण्यामुळे आहे, असे कोणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका.

तुमच्या मुलासाठी माझे सांगणे असे आहे. नियम थोडे ठेवा, पण ठरलेले ठेवा. त्यांमागचे कारण त्याला एकदा शांतपणे सांगा, आणि तो रडला म्हणून ते बदलू नका. काही फुटले किंवा सांडले आणि त्याने ते आपणहून येऊन सांगितले, तर आवरायला लावा, भरपाई करायला लावा, पण सांगितल्याबद्दल ओरडू नका. "थांब, बाबांना येऊ दे" हे वाक्य मात्र आजपासून बंद करा. त्या वाक्यामुळे वडील फक्त शिक्षेपुरते उरतात आणि तुमच्या शब्दाला घरात वजन राहत नाही. नियम मोडल्यावर काय होणार हे दोघांनी आधी ठरवावे, आणि त्या वेळी जो घरात असेल त्याने ते लगेच अमलात आणावे. धाक गेला तर मुलगा डोक्यावर बसेल, असे तुमचे पती म्हणतील. काही आठवडे तो नक्कीच तुमची परीक्षा घेईल, आणि त्या काळात माघार घ्यायची नाही, ही जबाबदारी तुमच्या पतीइतकीच तुमचीही आहे.