शेवटच्या बसनं जाणाऱ्या मुलीला मैत्रिणी कुठं भेटतात?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. नंदगडहून सकाळी साडेसहाला निघतेस, खानापुरात बस बदलतेस, बेळगावात परत बदलतेस. एम.कॉम.चं पहिलं सेमिस्टर संपत आलं तरी वर्गात 'हाय-बाय'च्या पुढं कुणाशी गेलं नाही. हॉस्टेलच्या मुलींचा घट्ट गट झालाय आणि त्यांचं सगळं संध्याकाळी घडतं, तेव्हा तू बसमध्ये उभी असतेस. आई म्हणते, 'शिकायला जातीस की मैत्रिणी करायला?' आणि शेवटी विचारलंयस, पीजी घेऊन राहिल्याशिवाय हे जमतच नाही काय?

जमतं. मी 2013 ते 2015 अशी दोन वर्षं बेळगुंदीहून भूतरामनहट्टीच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात जाऊन-येऊन अर्थशास्त्रात एम.ए. केलं. पहिलं सहामाही मात्र तुझ्यासारखंच गेलं, डबा एकटीनं खाण्यात.

आमच्या वेळचं चित्र आधी सांगते. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 साली झालं, त्याआधी ते धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं केंद्र होतं. आम्ही गेलो तेव्हा बेळगाव, विजापूर आणि बागलकोट हे तीन जिल्हे त्याच्याखाली. म्हणजे वर्गात अथणी, जमखंडी, इंडी, मुधोळकडची पोरं. त्यांना रोज येणं-जाणं शक्यच नाही, म्हणून ती हॉस्टेलला. आम्ही बेळगाव-खानापूरचे 'बसवाले'. त्यात ते कन्नडवाले, आम्ही मराठीवाले. कुणी पाडले नाहीत, पण दोन तट आपोआप पडले.

मी समजत होते की माझ्याकडं वेळ नाही म्हणून मैत्रिणी नाहीत. दुसऱ्या सेमिस्टरला जमखंडीची एक मुलगी (आज ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे) एकदा सरळ म्हणाली, "आम्हाला वाटायचं तुला भारी धिमाक आहे. तास संपला की घड्याळ बघतीस, दप्तर उचलतीस, जातीस. कुणाला सांगत पण नाहीस." मला धक्काच बसला. मी बस चुकेल म्हणून पळत होते आणि मागं राहणाऱ्यांना ते शिष्टपणा वाटत होतं. आपली शेवटची बस कितीची आहे हे वर्गात कुणालाही माहीत नव्हतं, कारण मी ते कधी बोललेच नव्हते. तेव्हा पहिलं काम फुकटातलं आहे: तुझी बस कितीला असते ते चार जणींना सांगून टाक. नंतर तू उठलीस की त्याच म्हणतात, 'जा गे, बस जाईल.'

दुसरं, जास्त वेळ थांबायच्या मागं लागू नकोस. एका जागी सापडत जा. मी आधी कधी लायब्ररीत, कधी कॅन्टीनला, कधी रिकाम्या वर्गात बसायची. मग ठरवून रोज एकच्या सुट्टीत डिपार्टमेंटच्या पायरीवर डबा उघडायला लागले. पहिले आठ-दहा दिवस कोणी फिरकलं नाही, अगदी ओशाळवाणं वाटलं. नंतर एकीला कॅल्क्युलेटर पाहिजे होता, एकीला इंटर्नलची तारीख. मी कुठं असते ते ठाऊक असल्यानं त्या तिथंच आल्या. डबा उघडा असला की माणूस उभ्या उभ्या बोलून जात नाही, टेकतं. विजापूरकडच्या मुली गावाहून कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणी आणतात, ती महिनाभर पुरते. माझ्याकडं तांदळाची भाकरी आणि उसळ. दोघींनाही आपापल्या डब्याचा कंटाळा आलेला असतो, त्यामुळं अदलाबदल आपोआप सुरू होते.

आता जे मला फार उशिरा सुचलं ते सांगते. हॉस्टेलच्या मुलींकडं संध्याकाळ आहे, पण बाजार नाही. भूतरामनहट्टी बेळगावपासून 18 किलोमीटर, पुणे-बंगळूर महामार्गावर. आजूबाजूला डोंगर, शेतं आणि सुसाट ट्रक. ब्लाऊजला मॅचिंग अस्तर पाहिजे, साडीला पिको-फॉल करायचंय, गावाकडं जाताना कुंदा न्यायचाय, तर अर्धा दिवस मोडतो. आणि मी रोज बेळगावच्या सीबीटीवर, म्हणजे मोठ्या बसस्टँडवर, उतरत होते! खडेबाजार, गणपत गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर. सेंड-ऑफच्या आधी एकीची साडी पिकोला टाकून आणून दिली आणि पुढच्या आठवड्यात माझ्यापुढं यादीच आली. त्या साडीनं मला वर्गात जागा मिळवून दिली असं म्हटलं तरी चालेल. तोवर मी नोट्स मागणारी होते, कारण पावसाळ्यात आमची बस हमखास अडकायची आणि पहिला तास बुडायचा. तुमच्या खानापूर तालुक्यातला पाऊस तर आमच्यापेक्षा वरचढ, तुझे तास जास्तच बुडत असतील. नुसतं मागत राहिलं की मान खाली जाते. काही देता यायला लागलं की वही मागताना संकोच वाटत नाही.

पण हमाल होऊ नकोस. मी गुरुवार ठरवला होता, पैसे आधी घ्यायची, आणि 'जमलं तर' हा शब्द ठेवायची. एका बाईसाहेबांनी तीनदा सँडल बदलून आणायला लावले, तिच्याशी मैत्री झाली नाही आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

बसमधल्या माणसांकडं तू अजून बघितलं नाहीस असं तुझ्या लिहिण्यावरनं वाटतं. वर्गातल्या मुलीला तुझ्यासाठी वेळ काढावा लागतो. बसमधलीचं घड्याळ आणि तुझं घड्याळ एकच. सीबीटीवर आम्ही चौघी एकाच वेळी भूतरामनहट्टीच्या बसला थांबायचो: दोघी दुसऱ्या डिपार्टमेंटच्या, एक काकतीला उतरणारी नर्स. त्या नर्सताई रोज काकती आलं की सांगायच्या, 'राणी चन्नम्माचं माहेर आलं, मी उतरते, तुम्ही तिच्या नावाच्या शाळेला जावा.' विनोद रोज तोच, आम्ही रोज हसायचो. सहा महिन्यांनी त्यांच्याच ओळखीनं माझ्या आजीला दवाखान्यात लवकर नंबर मिळाला. कानातले हेडफोन खानापूर ते बेळगाव या 26 किलोमीटरपुरते तरी काढून ठेव. रेल्वेची वेळ जुळत असेल तर महिन्याचा पास काढून बघ. लोंढ्याकडनं येणाऱ्या पॅसेंजरमध्ये समोरासमोर बसायला मिळतं, बसमध्ये पुढच्याच्या डोक्याशी काय बोलणार?

तुला एक सोय आहे जी आम्हाला नव्हती. आमचा विद्यार्थी पास ठरलेल्या मार्गाचाच. मैत्रिणीबरोबर दुसरीकडं जायचं म्हटलं की तिकीट. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस बसला शून्य तिकीट आहे. गर्दी वाढली हे खरं, उभं राहून पाय मोडतात. पण गोकाकचा धबधबा बघायला किंवा सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला मैत्रिणींबरोबर जाण्यात आता पैशाची अडचण नाही, आधार कार्ड तेवढं जवळ ठेव. महिन्यातून एक रविवार असा काढलास तरी रोजच्या संध्याकाळी नसल्याचं बरंच भरून निघतं.

आईचं काय? आईशी वाद घालून काही होत नाही, मी घालून बघितलाय. माझ्या आईला 'मैत्रिणी' या अनेकवचनाची भीती होती. एकेक मुलगी घरी आली, चुलीपुढं बसून जेवली, तिचा बाप काय करतो हे आईनं विचारून घेतलं, की ती भीती जाते. म्हणून उशिरा थांबायची परवानगी मागण्याआधी मैत्रिणीला घरी ने. हॉस्टेलवाल्या मुलीला मेसच्या जेवणातून सुटका पाहिजेच असते. मी जमखंडीवालीला पहिल्यांदा नेलं ते गावच्या साहित्य संमेलनाला. आपल्याकडं कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावागावांत थंडीत मराठी संमेलनं भरतात, हे तुला सांगायला नको. तिला अध्यक्षांच्या भाषणातलं ओ की ठो कळलं नाही, पण ग्रंथदिंडीत ती डोक्यावर पुस्तकं घेऊन चालली. आमच्या तांबड्या मातीतली उकडलेली रताळी पाचसहा खाल्ली आणि जाताना आईनं पिशवीभर बांधून दिली. त्यानंतर मी 'तिच्याबरोबर थांबले होते' म्हटलं की घरात पुढचा प्रश्न यायचा नाही. उलट आई विचारायची, 'ती पोरगी जेवली काय गे?'

भाषेचं तू एका ओळीत उरकलंस, 'मला कन्नड नीट येत नाही', पण माझ्या मते तुझी अर्धी गोची तिथं आहे. शिकवणं इंग्रजीत, समजावणं कन्नडमध्ये, आणि आपण मराठी शाळेतनं आलेल्या. मी चूक होईल म्हणून गप्प बसायची, ते त्यांना पुन्हा धिमाक वाटायचं. 'ऊटा आतेन्री?' (जेवण झालं काय?) एवढं विचारायला व्याकरण लागत नाही. मी एकदा सरांना 'बा' म्हटलं, 'बर्री' म्हणायचं सोडून, म्हणजे 'ये रे' झालं. अख्खा वर्ग हसला, सर पण. त्या दिवशी मला दोन मैत्रिणी मिळाल्या, कारण दोघींनी मला शिकवायचं अंगावर घेतलं. बदल्यात त्यांना मराठी शिव्या पाहिजे होत्या. दिल्या.

आणि 1 नोव्हेंबर. तुला कळतंय मी काय म्हणते ते. त्या दिवशी निम्मं बेळगाव कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत आणि निम्मं, बेळगाव महाराष्ट्रात पाहिजे म्हणणारं, काळ्या दिनाच्या फेरीत. माझे बाबा फेरीत जायचे, जमखंडीवालीचा भाऊ मिरवणुकीत. आम्ही दोघी त्यावर एकदाच बोललो, दोघींचा आवाज चढला, मग आठ दिवस अबोला. इंटर्नल आली आणि अबोला मोडला. त्या प्रश्नावर आमचं आजही जमत नाही. दर 1 नोव्हेंबरला रात्री तिचा फोन येतो, जेवलीस काय विचारायला, बाकी त्या दिवशी काही बोलत नाही.

पीजीचं म्हणशील तर निव्वळ मैत्रिणींसाठी घेऊ नकोस. भाडं, मेस आणि आईचा राग, तिन्ही महाग पडतात. रोज चार तास प्रवासात जाऊन अभ्यासच होत नसेल तर परीक्षेच्या महिन्यापुरती एखाद्या मुलीबरोबर खोली वाटून घे. मी आणि जमखंडीवालीनं शेवटच्या सेमिस्टरला तेच केलं, आणि तोवर आईनं तिला ओळखलेलं असल्यानं घरातनं गाद्या सुद्धा आल्या. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फार विसंबू नकोस, तिथं नोटिसा आणि गुड मॉर्निंगच असतात.

उद्या शेवटचा तास सुटला की लगेच दप्तर उचलू नकोस. शेजारणीला आधी सांग की माझी बस आहे, आणि मग म्हण, 'नाळे ओंदु गंटेक्क सिगोणु', उद्या एक वाजता भेटू. उच्चार चुकणारच. ती दुरुस्त करेल, तेवढ्यात अर्धा मिनिट जाईल, आणि त्या अर्ध्या मिनिटानं बस चुकत नाही, मी मोजून बघितलंय.