नाशिकमध्ये कॉलनीच्या ओपन स्पेसवर पर्यावरणपूरक मैदान करायचं आहे. टर्फ घालावं का?

तुमच्याकडे ३० गुंठे जागा आहे, निधी मिळणार आहे, काही जण हिरव्या टर्फसाठी, म्हणजे प्लास्टिकच्या गवतासाठी, अडून बसलेत आणि तुम्हाला पर्यावरणाला धरून काहीतरी करायचंय. मी शाळेत खेळ शिकवायचे, स्वतः कबड्डी खेळलेली आहे आणि आमच्या कॉलनीच्या मैदान कमिटीत होते. तिथं चुकलो कुठं, ते आधी सांगते.

आम्ही कडेनं चालायला पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक केला, मैदानापेक्षा चार बोटं उंच. पहिल्याच पावसाळ्यात मैदानाची परात झाली. खाली काळी माती. गणपतीत साचलेलं पाणी आटेपर्यंत दसरा उजाडला आणि पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळत राहिली. त्या ठरावावर माझीही सही आहे. म्हणून म्हणते, सोलर दिवे, टायरचे झोपाळे, भिंतीवरची चित्रं सगळं नंतर. जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन मैदानात जा. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, बघून घ्या आणि फोटो काढून ठेवा. ठेकेदाराशी बोलताना तेच कामाला येतात.

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. ३० गुंठे म्हणजे साधारण ३,००० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, या हिशेबानं तुमच्या मैदानावर वर्षाला २१ लाख लिटर पाणी पडतं. ते मुरवायचं की गटारात घालवायचं, हा खरा प्रश्न.

मध्यापासून कडेला शंभर फुटांना एक फूट असा उतार द्या. डोळ्याला दिसत नाही, पण पाणी पळतं. कडेनं दोन फूट खोल चर काढा, खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू. चर शोषखड्ड्यात सोडा, पाणी थेट बोअरमध्ये मात्र नको, गाळ जाईल. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, पाणी सावकाश मुरतं, त्यामुळे जास्तीचं पाणी पावसाळी गटारात जायला वाट ठेवाच.

खेळायच्या जागेवरची काळी माती फूटभर काढावी लागेल. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पोरांचे घोटे मुरगळतात. पण फेकू नका, झाडांच्या पट्ट्यात टाका. त्या जागी मुरूम थराथरानं, पाणी मारून रोलर फिरवून, आणि वर चाळलेली लाल माती. आता हा मुरूम आणायचा कुठून? डोंगर पोखरून आणलेल्या मुरुमावर ‘पर्यावरणपूरक’ मैदान उभं करणं मला तरी पटत नाही. शहरात इमारतींचे पाये खोदताना मुरूम निघतोच, तो मिळतो का बघा आणि कुठूनही घेतला तरी रॉयल्टीची पावती मागा.

टर्फबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. एप्रिल-मेच्या दुपारी प्लास्टिकचं गवत ६० अंशांच्या वर तापतं. आठ-दहा वर्षांत ते बदलावं लागतं, आणि मग त्या गुंडाळ्या टाकायच्या कुठं? गवतात भरलेले रबराचे दाणे पावसासोबत वाहतात. तुमचं गटार शेवटी नासर्डीला किंवा गोदावरीलाच मिळणार. युरोपीय महासंघानं २०२३ मध्ये अशा दाण्यांच्या विक्रीवर बंदी मंजूर केली, ती २०३१ पासून लागू होईल.

खरी हिरवळ पूर्ण मैदानावर लावायचीही घाई करू नका. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरलं तरी १५,००० लिटर होतं, म्हणजे दहा हजारी टँकर दीड. २०१६ च्या दुष्काळात खेळपट्ट्यांच्या पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले होते, आठवत असेल. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलला माती उत्तम. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, तेवढ्यावर संध्याकाळी झारीनं पाणी शिंपडलं तरी धूळ बसते. लहान पोरांसाठी एका कोपऱ्यात हरळी लावा. ती उन्हाळ्यात पिवळी पडेल, पडू द्या, पहिल्या पावसाला पुन्हा फुटते.

झाडं पश्चिमेच्या बाजूला लावा, म्हणजे साडेचार-पाचला सावली मैदानावर येईल. कडुनिंब, करंज, बकुळ चालतील. गुलमोहर नको, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. वड-पिंपळ शोषखड्ड्यापासून लांब. आणि कुंपणाला बाभूळ कुणी सुचवली तर त्यांना एकदा अनवाणी कबड्डी खेळायला बोलवा.

दिवे एलईडीच घ्या, पण झोत खाली पडेल असे लावा, समोरच्यांच्या बेडरूममध्ये नाही. ठरलेल्या वेळेला बंद व्हायला टायमर बसवा. आमच्याकडे स्विच ज्यांच्या घरात होता त्यांच्याशी निम्मी कॉलनी अजून बोलत नाही.