डॉकिंगचा आकडा कुठवर मानायचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : वनस्पतींच्या सुगंधी तेलांतली संयुगे घेऊन जिवाणूच्या डीएनए गायरेज या एन्झाइमवर डॉकिंग केले, म्हणजे रेणू प्रथिनाच्या खाचेत किती घट्ट बसतो याचा संगणकी अंदाज काढला. थायमॉलला उणे ६.१ आणि कार्व्हाक्रॉलला उणे ६.४ किलोकॅलरी प्रति मोल मिळाले. कार्व्हाक्रॉल सरस म्हणायचे का?

नाही. आकडा जितका जास्त उणे तितका बंध घट्ट, हे खरे; पण दोन्ही रेणूंतले अणू तेवढेच, फक्त हायड्रॉक्सिल गटाची जागा वेगळी. बंध दहापट घट्ट व्हायला साधारण १.४ किलोकॅलरींचा फरक लागतो आणि ऑटोडॉक व्हिनासारख्या प्रोग्रॅमचा अंदाज दोन-तीन किलोकॅलरींनी सहज चुकतो. ०.३ वरून क्रम लावू नका. आधी प्रथिनाच्या स्फटिकरचनेतला मूळ लिगँड (खाचेत बसलेला रेणू) काढून पुन्हा डॉक करा. तो २ अँगस्ट्रॉमच्या आत जुन्या जागी बसला नाही, तर पुढची यादी करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : डॉकिंगच्या गुणांनुसार लावलेल्या यादीत मोठे रेणूच वर का येतात?

अणू जास्त, म्हणून स्पर्श जास्त, म्हणून गुण जास्त. गुणांना जड अणूंच्या (हायड्रोजन सोडून बाकीच्या) संख्येने भागून पाहा, चित्र बदलेल.

प्रश्न : गुण चांगले असूनही स्यूडोमोनास एरुजिनोसा प्रयोगशाळेत मरत नाही. डॉकिंग फसले?

डॉकिंगला तुम्ही एवढेच विचारले होते, की रेणू या खाचेत बसतो का. तो खाचेपर्यंत पोहोचतो का, हे विचारलेच नव्हते. या जिवाणूचे बाह्यपटल तेलकट रेणूंना अडवते आणि आत शिरलेले रेणू मेक्सएबी-ओपीआरएमसारखे पंप बाहेर फेकतात.

याची उलट बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. कार्व्हाक्रॉल मुख्यतः पेशीपटलातच विरघळते, पटल गळू लागते, पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशीची ऊर्जा ढासळते. या कामाला एखादे ठरावीक प्रथिन लागत नाही. म्हणून गायरेजवर डॉकिंग करून ‘गायरेज रोखल्यामुळे जिवाणू मेला’ असे लिहिणे मला मुळीच पटत नाही. तसे म्हणायचे असेल तर शुद्ध एन्झाइमवर चाचणी करा. पटलाचा अंदाज हवा असेल तर लिपिड द्विस्तरासह (पटलाच्या दुहेरी थरासह) मॉलेक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे अणूंच्या हालचालींचे संगणकी अनुकरण, चालवा. सिनॅमाल्डिहाइडची (दालचिनीच्या तेलातल्या संयुगाची) गोष्ट आणखी निराळी : ते प्रथिनातल्या थायॉल (गंधक-हायड्रोजनच्या) गटाशी सहसंयुज बंध करू शकते आणि साध्या डॉकिंगला तो बंध दिसतच नाही.

प्रश्न : जिवाणूंच्या चाचणीच्या प्लेटवर सुगंधी तेल न घातलेल्या खाचांतही जिवाणू वाढले नाहीत. असे का?

बहुधा वाफेमुळे. ही संयुगे उडून शेजारच्या खाचांत शिरतात. प्लेट नीट सील करा, नियंत्रण खाचा (तेल नसलेल्या, तुलनेसाठीच्या) वेगळ्या प्लेटवर ठेवा आणि तेल मिसळायला वापरलेल्या ट्वीन किंवा डीएमएसओचेही स्वतंत्र नियंत्रण घ्या.